खासदाराच्या वेळेवर हक्क कोणाचा?

शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास लोकसभेत खासगी सदस्यांचे कामकाज सुरू होते. मंत्री नसलेल्या कोणत्याही खासदाराला, तो सत्ताधारी बाकांवरचा असो वा विरोधी, स्वतःच्या नावावर विधेयक मांडून त्यावर सभागृहाला बोलते करण्याची संधी आठवड्याच्या या अखेरच्या अडीच तासांतच मिळते. आणि नेमक्या याच वेळी बाके रिकामी होऊ लागतात, कारण अनेकांना संध्याकाळचे विमान गाठायचे असते. शनिवार आणि रविवार हे दोन दिवस मतदारसंघातली लग्ने, उद्घाटने, भेटीगाठी आणि पक्षाच्या बैठका यांनी आधीच भरून गेलेले असतात. आजवर खासगी सदस्यांची केवळ १४ विधेयके कायदा होऊ शकली आणि त्यांतले शेवटचे १९७० साली झाले, हे ध्यानात घेतले तर विमान गाठणाऱ्याला फार दोषही देता येत नाही. ज्या कामातून अर्ध्या शतकाहून अधिक काळ एकही कायदा निष्पन्न झालेला नाही, त्यासाठी दिल्लीतला मुक्काम कोण वाढवील?

लोकप्रतिनिधींच्या वेळेविषयी आपल्याकडे दोन परस्परविरोधी तक्रारी वर्षानुवर्षे शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. वर्तमानपत्रांतून अधिवेशन संपताच उपस्थितीचे आणि विचारलेल्या प्रश्नांचे आकडे छापून येतात आणि अमुक खासदार सभागृहात फिरकलाच नाही म्हणून टीका होते. मतदारसंघात मात्र तोच माणूस "निवडून गेल्यावर पुन्हा तोंड दाखवले नाही" या गाऱ्हाण्याला उत्तर देत असतो. दोन्ही तक्रारींमागे एकच गृहीत आहे: खासदाराचा वेळ ठरावीक आहे, त्यातला जितका संसदेला जाईल तितका मतदारसंघाला कमी पडेल, आणि म्हणून या वाटणीचे योग्य प्रमाण शोधून काढणे हाच प्रश्न आहे. हे गृहीत मुळातच चुकलेले आहे, असे माझे मत आहे. मतदारसंघात घालवलेला वेळ संसदेपासून हिरावून घेतलेला नसतो. पण त्या वेळात खासदार जे काम करतो त्यातले बरेचसे त्याचे नसतेच, ते दुसऱ्या कोणाचे तरी असते. आणि ज्यांचे ते काम, त्यांना आपण ते करू दिलेले नाही.

या विषयावर लिहिताना अठराव्या शतकातला ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क याचा दाखला देण्याची प्रथा आहे. नोव्हेंबर १७७४ मध्ये ब्रिस्टलमधून निवडून आल्यावर त्याने मतदारांना सांगितले होते की, प्रतिनिधीने तुमच्यासाठी कष्ट उपसावेत हे ठीक, पण त्याने आपली विवेकबुद्धी तुमच्या मतापुढे गहाण टाकू नये. प्रतिनिधी हा निरोप्या नव्हे, हा सिद्धान्त तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. पुढची हकिगत मात्र कमी सांगितली जाते. सहा वर्षांच्या कारकिर्दीत बर्क ब्रिस्टलला क्वचितच गेला, आयर्लंडच्या व्यापारावरचे निर्बंध सैल करण्याच्या बाजूने उभा राहून त्याने आपल्याच शहरातल्या व्यापाऱ्यांचा रोष ओढवून घेतला, आणि १७८० च्या निवडणुकीत पराभव समोर दिसू लागल्यावर त्याने ब्रिस्टलमधून माघार घेतली. पुढे तो संसदेत राहिला खरा, पण दुसऱ्याच एका छोट्या आणि आश्रयदात्याच्या हातातल्या मतदारसंघातून. विवेकाचे स्वातंत्र्य हवे असलेल्या प्रतिनिधीने मतदाराशी बोलणे थांबवले की काय होते, हा धडाही त्याच गोष्टीत आहे. बर्कच्या नावाने संसदीय कामाची थोरवी गाणाऱ्यांनी तो वगळू नये.

आता थोडा हिशेब पाहू. पहिल्या लोकसभेच्या १९५२ ते १९५७ या काळात ६७७ बैठका झाल्या, म्हणजे वर्षाला सरासरी १३५ दिवस. सतराव्या लोकसभेच्या २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत एकूण २७४ बैठका झाल्या. सरासरी पंचावन्न दिवसांची. करोनाच्या २०२० या वर्षी तर केवळ ३३ दिवस कामकाज झाले. राज्यघटनेच्या ८५ व्या अनुच्छेदात दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर असू नये एवढीच अट आहे. वर्षात किती दिवस बसावे, याविषयी घटना मौन बाळगते. राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये लोकसभेसाठी किमान १२० आणि राज्यसभेसाठी किमान १०० दिवसांची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

वर्षाचे पंचावन्न दिवस संसदेला दिल्यावर तीनशेहून अधिक दिवस उरतात. तेव्हा संसदेमुळे मतदारसंघाकडे दुर्लक्ष होते असे कोणी खासदार म्हणू लागला, तर ते मान्य करण्याचे काही कारण नाही. आणि मतदारसंघाच्या ओढीने संसद ओस पडते हेही पुरते खरे नाही, कारण संसद मुळात बसतच नाही. अधिवेशनाच्या तारखा सरकार ठरवते आणि त्या बहुधा काही आठवडे आधी कळतात. वर्षभराचे वेळापत्रक आधीच ठरवावे, अशी शिफारस लोकसभेच्या सर्वसाधारण प्रयोजन समितीने १९५५ मध्येच केली होती. फेब्रुवारीच्या आरंभापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, मग जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिसरे, असा त्याचा आराखडाही दिला होता. जर्मनीच्या संसदेत असे वेळापत्रक वर्षभर आधी जाहीर होते. वर्षातले वीस-बावीस आठवडे बैठकीचे असतात, उरलेले आठवडे मतदारसंघाचे आणि इतर कामांचे. बैठकीच्या आठवड्यात हजेरी बंधनकारक, आणि नावनिशीवार मतदानाला गैरहजर राहिल्यास भत्त्यात कपात. आठवड्यांची अशी आखणी असली की मतदारसंघातल्या कार्यक्रमपत्रिकाही तिच्याभोवती आपोआप बेतल्या जातात. आपल्याकडे अधिवेशनच अचानक येते आणि अचानक गुंडाळले जाते. मग खासदाराने आपली डायरी कशाच्या आधारावर भरावी?

उरलेल्या तीनशे दिवसांत काय होते, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. खासदाराच्या संपर्क कार्यालयात सकाळी जमणाऱ्या माणसांच्या हातांत बहुतेक वेळा एक अर्ज आणि एक अपेक्षा असते: साहेबांचे पत्र. शस्त्रक्रियेसाठी पंतप्रधान सहायता निधीतून मदत हवी असेल तर खासदाराचे शिफारसपत्र. प्रतीक्षा यादीत अडकलेले रेल्वेचे तिकीट आपत्कालीन कोट्यातून निघावे म्हणून पत्र. अगदी एप्रिल २०२२ पर्यंत प्रत्येक खासदाराला केंद्रीय विद्यालयात वर्षाला दहा मुलांच्या प्रवेशाची शिफारस करता येत असे. दहा जागांसाठी येणारे अर्ज कित्येक पटींनी अधिक असत. एका पालकाचे समाधान आणि बाकी सगळ्यांची नाराजी असा तो व्यवहार होता. तो कोटा रद्द झाला तेव्हा अनेक खासदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, असे मला वाटते, जरी तसे उघडपणे बोलणे परवडणारे नव्हते.

याखेरीज जळालेले रोहित्र बदलून मिळत नाही, तलाठी फेरफाराची नोंद घालत नाही, पोलीस तक्रार नोंदवून घेत नाहीत, बदली हवी आहे किंवा बदली नको आहे, नळाला पाणी येत नाही, गटार तुंबले आहे. या यादीतली बहुतेक कामे केंद्राच्या अखत्यारीतली नाहीत. पोलीस, जमीन आणि पाणी हे घटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीचे विषय आहेत. गटार आणि नळ तर ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे. खासदाराला यांपैकी एकाही बाबतीत आदेश देण्याचा अधिकार नाही. तो फोन करू शकतो. त्या फोनला वजन असते ते त्याच्या घटनात्मक अधिकारामुळे नव्हे, तर अधिकाऱ्याला त्याचा उपद्रव किंवा उपयोग होऊ शकतो म्हणून. नियमाने मिळायला हवी ती गोष्ट अशा फोनमुळे उपकार म्हणून मिळते, आणि उपकार करणाऱ्याला त्याची परतफेड मतपेटीतून अपेक्षित असते. हे काम निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. ज्याची शस्त्रक्रिया अडली आहे, त्याला संसदीय लोकशाहीचे तत्त्वज्ञान सांगणे क्रूरपणाचे ठरेल. तरीही व्यवस्था म्हणून पाहिले तर खासदाराचे कार्यालय हे प्रशासनाच्या बंद दारावर लावलेली मागची खिडकी झाले आहे, आणि मागची खिडकी चालू असेपर्यंत पुढचे दार दुरुस्त करण्याची निकड कोणालाच भासत नाही.

त्यातही व्याप्ती पाहा. एकशे चाळीस कोटींच्या देशात ५४३ खासदार, म्हणजे एका खासदारामागे सरासरी पंचवीस लाखांहून अधिक माणसे. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात ६५० सदस्य आहेत आणि एका सदस्याच्या वाट्याला साधारण एक लाख लोक येतात. तिथले सदस्य गुरुवारी संध्याकाळी लंडन सोडतात आणि शुक्रवारी-शनिवारी मतदारसंघात लोकांना ठरलेल्या वेळी भेटतात. डॉक्टरच्या दवाखान्यासारखे म्हणून या भेटीच्या तासांना तिथे 'सर्जरी' असेच म्हणतात. नगर परिषदेने सोडवायच्या घरांच्या तक्रारी आमच्याकडे येतात, अशी कुरकुर तिथेही आहेच. पण एक लाखांतली माणसे भेटू शकतात. पंचवीस लाखांतली भेटू शकत नाहीत. साहजिकच भेट होते ती कार्यकर्त्यामार्फत, सरपंचामार्फत, जातीच्या किंवा संस्थेच्या प्रमुखामार्फत. ज्याला असा मध्यस्थ नाही, त्याच्यासाठी खासदार मतदारसंघात असला काय आणि दिल्लीत असला काय, सारखेच. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातील सदस्याला अठरापर्यंत कायम कर्मचारी नेमता येतात. त्यांतले काही राजधानीत विधेयके वाचतात आणि काही मतदारसंघात नागरिकांची प्रकरणे हाताळतात. आपल्या खासदाराला एखाद-दोन सहायकांचा पगार भागेल इतकाच भत्ता मिळतो. मग संशोधन कोण करणार आणि टपालाला उत्तर कोण देणार? बहुतेक ठिकाणी टपालाला उत्तर दिले जाते, कारण टपाल पाठवणारा मतदार असतो.

येथे १९९३ या वर्षाकडे वळावेसे वाटते. त्या एका वर्षात लोकप्रतिनिधीच्या कामाची नव्याने मांडणी करणाऱ्या तीन गोष्टी घडल्या, आणि त्या एकमेकींशी जोडून क्वचितच पाहिल्या जातात. एप्रिलमध्ये संसदेत मंत्रालयनिहाय सतरा स्थायी समित्या अस्तित्वात आल्या. पुढे त्यांची संख्या चोवीस झाली. विधेयके आणि अनुदानाच्या मागण्या (म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाचे प्रस्ताव) यांची बारकाईने छाननी व्हावी, पक्षादेशाच्या बाहेर सदस्यांनी एकत्र बसून कागदपत्रे वाचावीत, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारावेत, हा त्यांचा हेतू. त्याच एप्रिलच्या २४ तारखेला ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि जूनच्या १ तारखेला ७४ वी. पंचायतींकडे २९ आणि नगरपालिकांकडे १८ विषय सोपवता येतील, अशी तरतूद त्यांनी केली. गावच्या रस्त्याचे उत्तर गावात आणि शहराच्या नळाचे उत्तर शहरात मिळावे, ही त्यामागची कल्पना होती. या दोन्ही गोष्टी नीट रुजल्या असत्या तर खासदार गटारांपासून मुक्त होऊन कायद्यांकडे वळला असता. पण वर्ष संपण्यापूर्वी, २३ डिसेंबरला, तिसरी गोष्ट आली. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना जाहीर केली. त्या वर्षापुरते प्रत्येकी ५ लाख, पुढल्या वर्षी १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी रुपये.

एका हाताने स्थानिक कामे स्थानिक संस्थांकडे देण्याची घटनात्मक ग्वाही, आणि दुसऱ्या हाताने त्याच कामांसाठी खासदाराला निधी. तीन दशकांनंतर यांतले काय फोफावले, हे वेगळे सांगायला नको. स्थायी समित्यांकडे पाठवल्या जाणाऱ्या विधेयकांचे प्रमाण पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के होते, ते सतराव्या लोकसभेत १६ टक्क्यांवर आले. स्थानिक संस्थांची अवस्था महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे: मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवक नाही म्हटल्यावर खड्ड्याची तक्रार आमदाराकडे आणि तिथून खासदाराकडे जाणारच. खासदार निधी मात्र करोनाकाळातल्या खंडाचा अपवाद वगळता अबाधित आहे. राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये आणि दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने त्यानंतर काही वर्षांनी हा निधी बंद करण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो घटनाबाह्य नसल्याचा निर्वाळा दिला. घटनाबाह्य नसेलही. पण सरकारच्या खर्चावर नजर ठेवणे हे ज्याचे काम, त्यालाच खर्चाची शिफारस करायला लावणे ही विसंगती न्यायालयाच्या निर्वाळ्याने संपत नाही. राज्यसभेच्या सदस्याला तर भौगोलिक मतदारसंघच नसतो, तरी त्यालाही हा निधी आहे! यावरून निधीचा आणि मतदारसंघाच्या सेवेचा संबंध किती पातळ आहे, ते ध्यानात यावे.

निधीची रक्कम फार मोठी नाही, हा त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद मला मान्य आहे. पंचवीस लाख लोकांमागे ५ कोटी म्हणजे माणशी वर्षाला वीस रुपये. नुकसान रकमेचे नाही, वेळेचे आणि कल्पनेचे आहे. सभामंडप, व्यायामशाळा, चौकातला हायमास्ट दिवा, स्मशानभूमीतली शेड: प्रत्येकाचे भूमिपूजन, प्रत्येकाचे लोकार्पण आणि प्रत्येकावर कोनशिला. एका दिव्यासाठी दोन समारंभ. निवडणुकीच्या तोंडावर निघणाऱ्या कार्यअहवालाच्या चकचकीत पुस्तिकेत या फोटोंची पाने पुढे असतात आणि संसदेतल्या कामाला, असलेच तर, शेवटचे एखादे पान मिळते. फलकावर 'कार्यसम्राट' लिहिले जाते ते याच कामांच्या जोरावर. यातून मतदाराच्या मनात खासदाराची जी प्रतिमा तयार होते ती मोठ्या नगरसेवकाची असते, आणि मग तो त्याच मापाने त्याला मोजतो. मतदाराची अपेक्षाच चुकीची, असे म्हणणे फार सोयीचे आहे. ती अपेक्षा घडवली कोणी, हेही विचारायला हवे.

संसदेतला वेळ खासदाराला निष्फळ वाटावा, अशी व्यवस्थाही आपण करून ठेवली आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. घोडेबाजार थांबवणे हा तिचा हेतू होता, आणि तो कितपत सफल झाला हे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने पाहिलेच आहे. पण पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते, अशी तरतूद तिच्यामुळे आली, आणि पक्षादेश निघाला की सदस्याचे मत काय आहे, याला काही अर्थ उरला नाही. कोणत्याही विधेयकावर तो कसे मतदान करील हे आधीच ठरलेले असेल, तर त्याने ते वाचावे कशाला आणि चर्चा ऐकावी कशाला? २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात लोकसभेने सर्व मंत्रालयांच्या अनुदान मागण्या गदारोळात, चर्चेविना मंजूर केल्या. त्या दिवशी सभागृहात शंभर टक्के उपस्थिती असती तरी देशाच्या खर्चाची अधिक छाननी झाली नसती. म्हणून हजेरीच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. वर्षानुवर्षे नोंदवहीत सही झाली की हजेरी लागत असे आणि दैनिक भत्त्याचा हक्क मिळत असे. माणूस किती वेळ बसला हे सही सांगत नसे. प्रश्नांच्या संख्येचेही तेच. संख्येवरून क्रमवारी लावून गौरव होऊ लागल्यापासून प्रश्न वाढले, त्यांतल्या कितींचा पुढे पाठपुरावा झाला हे मात्र कोणी मोजत नाही.

मतदारसंघातला वेळ संसदेच्या कामी कसा येऊ शकतो, याचे एक साधे उदाहरण घेऊ. साखर कारखान्यातून किंवा एसटीतून निवृत्त झालेला, ईपीएस-९५ योजनेखाली तुटपुंजे निवृत्तिवेतन घेणारा एखादा वृद्ध खासदाराच्या कार्यालयात येतो. हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसे जुळत नाहीत, म्हणून त्याचे निवृत्तिवेतन थांबले आहे. आयुष्यभर हातांनी काम केलेल्या माणसाचे ठसे झिजलेले असतात, ही गोष्ट यंत्राला ठाऊक नसते. खासदाराने भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात फोन केला की या एका माणसाचे काम होते, तो हात जोडून निघून जातो, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा येतो. हेच प्रकरण वेगळ्या रीतीने हाताळता येते. अशी माणसे किती, ठसे न जुळल्यामुळे थांबलेल्या प्रकरणांची जिल्हावार संख्या किती, पर्यायी पडताळणीचे नियम काय आहेत आणि ते कार्यालयांना कळवले आहेत का, असा अतारांकित प्रश्न खासदाराने विचारला तर मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावे लागते. ते उत्तर सभागृहाच्या दप्तरी राहते. त्यातल्या आकड्यांवरून श्रमविषयक स्थायी समितीत अधिकाऱ्यांना विचारता येते, आणि नियम बदलला तर तो सगळ्या देशासाठी बदलतो. अट एवढीच की, खासदाराने त्या वृद्धाचे ऐकून घेतलेले असावे. दिल्लीत बसून हा प्रश्न सुचला नसता, आणि गावात बसून तो सुटला नसता.

महाराष्ट्राला याची परंपरा आहे. रोजगार हमी योजनेमागे वि. स. पागे यांनी दुष्काळी भागातल्या मजुरांच्या परिस्थितीविषयी केलेला विचार होता. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती असलेल्या पागे यांनी तो कायद्याच्या भाषेत आणण्याचा ध्यास घेतला. १९७७ चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, त्यासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, आणि २००५ मध्ये देशाने जो ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला त्याचे मूळ रूप येथे सापडते. एखाद्या गावात श्रमाचे एक काम काढून देणे आणि काम मागण्याचा हक्क कायद्यात लिहिणे, या दोन्हींची सुरुवात त्याच गावातल्या फेरफटक्यातून होऊ शकते. कोकणच्या राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून नाथ पै यांना आणि त्यांच्यानंतर १९७१ पासून सलग पाच वेळा मधू दंडवते यांना लोकसभेत पाठवले. हे दोघेही संसदपटू म्हणून देशभर ओळखले गेले, आणि कोकणात रेल्वे यावी हा आग्रह दोघांनीही धरला. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी केलेली, आजही प्रवाशांच्या अंगाला जाणवणारी सुधारणा म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर आलेली गादी. आणि ती राजापूरपुरती नव्हती. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झाले तेव्हा ते अर्थमंत्री होते. पुढल्याच वर्षी, १९९१ मध्ये, ते राजापूरमधून पराभूत झाले. एका पराभवाला अनेक कारणे असतात आणि त्यावरून मतदाराला कृतघ्न ठरवणे बरोबर नाही. पण संसदेतल्या कामाचे फळ यायला पंधरा-वीस वर्षे लागतात आणि निवडणूक दर पाच वर्षांनी येते, हा पेच त्यातून स्पष्ट होतो. कोकण रेल्वेवर सलग वाहतूक सुरू व्हायला १९९८ उजाडले.

मतदारसंघच नको, असाही एक मार्ग आहे. नेदरलँड्समध्ये कनिष्ठ सभागृहाच्या १५० जागांसाठी पक्षांना साऱ्या देशात मिळालेल्या मतांच्या प्रमाणात सदस्य निवडले जातात. कोणाही सदस्याला स्वतःचा असा मतदारसंघ नाही, त्यामुळे रोहित्रासाठी त्याला कोणी फोन करीत नाही. तेथे तक्रार उलटी ऐकू येते: आमच्या भागाचे कोणी उरलेच नाही. उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेचे. १९९५ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या अध्यक्षपदी आलेले न्यूट गिंग्रिच यांनी कामकाजाचा आठवडा मंगळवार ते गुरुवार असा आवळला, आणि सदस्यांनी कुटुंबे राजधानीत आणू नयेत, मतदारसंघाशी नाते घट्ट ठेवावे, असा आग्रह धरला. मतदारसंघाशी नाते घट्ट झाले असेलही, पण एकमेकांच्या शेजारी राहणारे, मुलांच्या शाळेत भेटणारे दोन्ही पक्षांचे सदस्य ही गोष्ट दुर्मीळ झाली, आणि तिथल्या राजकारणातला कडवटपणा वाढण्यामागे हेही एक कारण असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. सहकाऱ्यांसोबत घालवलेला वेळ हाही संसदीय कामाचाच भाग असतो, ही बाब हजेरीपत्रकात कुठेच दिसत नाही.

मग करावे काय? खासदाराने अमुक टक्के वेळ अमुक ठिकाणी द्यावा, असा नियम करणे व्यर्थ आहे. वर्षाचे वेळापत्रक आधी जाहीर व्हावे आणि बैठकांचे किमान दिवस कायद्याने ठरावेत, ही पहिली गोष्ट. ती झाली तर पुष्कळ गोष्टी आपोआप मार्गी लागतील. स्थायी समित्यांची मुदत एक वर्षाची असते, ती वाढवावी, म्हणजे सदस्याला विषय समजू लागताच समिती बदलणार नाही. आणि विधेयक समितीकडे न पाठवायचे असेल तर त्याचे कारण सरकारने सभागृहाला लेखी द्यावे. खासदार निधी बंद करून ती रक्कम त्याच जिल्ह्यातल्या पंचायतींना आणि नगरपालिकांना द्यावी. त्यातला छोटा हिस्सा खासदाराच्या कार्यालयात दोन अभ्यासू सहायक नेमण्यासाठी राखला, तर त्याचे मोल सभामंडपाहून अधिक ठरेल. हे घडणे अवघड आहे, कारण स्वतःच्या नावाची कोनशिला सोडायला कोणत्याच पक्षाचा खासदार तयार होणार नाही. निधी चालूच राहणार असेल, तर निदान प्रत्येक खासदाराच्या कार्यालयात आलेल्या तक्रारींचे विषयवार वर्गीकरण दरवर्षी सभागृहासमोर ठेवले जावे. कोणत्या खात्याचे दार बंद आहे, हे त्यावरून देशाला कळेल.

या प्रश्नाची निकड वाढवणारी एक गोष्ट पुढ्यात आहे. लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठलेले असून २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ती मर्यादा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. नव्या संसद भवनात लोकसभेसाठी ८८८ आसने आहेत, ती काही शोभेसाठी मांडलेली नाहीत. जागा वाढल्या तर एका खासदारामागची लोकसंख्या कमी होईल, आणि मतदारसंघाच्या दृष्टीने ते स्वागतार्हच आहे. सभागृहाच्या बाजूने मात्र हिशेब वेगळा येतो. वर्षाला ५५ दिवस आणि दिवसाला सहा तास धरले तर ३३० तास होतात. मंत्र्यांची उत्तरे, गदारोळ आणि तहकुबी यांसकट हा सगळा वेळ समान वाटला, तर आज एका सदस्याच्या वाट्याला वर्षभरात सुमारे छत्तीस मिनिटे येतात. सदस्य ८८८ झाले आणि दिवस तेवढेच राहिले, तर ती बावीस मिनिटे होतील. तेव्हा जागा वाढवणाऱ्या विधेयकातच बैठकांच्या किमान दिवसांचे कलम असावे, असा आग्रह आता धरला नाही, तर नव्याने येणाऱ्या साडेतीनशेच्या आसपास खासदारांना मतदारसंघात राहण्यावाचून दुसरे काम उरणार नाही.